धुके, ऊस आणि पिवळा दिवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळीच्या पणत्या विझतात आणि साखर कारखान्यांचे भोंगे वाजू लागतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या रस्त्यांवर मग दोन गोष्टी एकदमच उतरतात. एक ऊस आणि दुसरे धुके. दिवसा आपल्याला ऊस दिसतो, धुके नसते. पहाटे धुके दिसते आणि ऊस दिसत नाही. खरी अडचण इथेच आहे.

हे धुके येते कुठून? भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्या या दोन तालुक्यांतून किंवा त्यांच्या शिवेवरून वाहतात. चिंचणीला घोड धरण आहे. चासकमानचा कालवा शिरूरच्या बाजूला येतो, खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा दौंडमधून पुढे इंदापूरकडे जातो. पूर्वेला उजनीचे फुगवट्याचे पाणी आहे. म्हणजे पूर्वी ज्या रानात फक्त ज्वारी-बाजरी होती, तिथे आज बारमाही ओल आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर निवते. तिला टेकलेली ओलसर हवा थंड होते, त्या हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि पहाटेच्या सुमाराला उसाच्या फडावर, कालव्याच्या भरावावर, नदीच्या पुलावर धुके बसते. हवामान खात्याच्या हिशेबात एक किलोमीटरपेक्षा कमी अंतरावरचे दिसते तेव्हा त्याला धुके म्हणतात. दोनशे मीटरच्या खाली गेले की दाट धुके आणि पन्नास मीटरच्या खाली गेले की अतिदाट. आपल्याकडचे धुके उत्तर भारतासारखे दिवसच्या दिवस राहत नाही, सूर्य कासराभर वर आला की विरते. पण ते तुकड्यातुकड्याने असते. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे येताना माळावर रस्ता स्वच्छ असतो. भीमेच्या पुलाजवळ आले की गाडी अचानक कापसात शिरल्यासारखी होते. हे अचानकपणच घातक असते.

मग माणूस उपाय शोधतो. गाडीचे सामान विकणाऱ्या दुकानात गेले की दुकानदार म्हणतो, "दादा, फॉग लॅम्प पिवळे करून घ्या. पिवळा उजेड धुकं फाडत जातो बघा." पैसे वाचवायचे असतील तर घरीच करता येते, असेही कोणीतरी सांगते. पिवळी फिल्म चिकटवा, काचेवरचा रंग मारा, काहीच नाही तर जिलेटीनचा पिवळा कागद लावा. गेल्या काही वर्षांत अनेक तरुण मंडळींनी हा उद्योग अंगणात बसून केला आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपली गाडी आपल्या हाताने नीट करावी, ही चांगलीच सवय आहे. पण पिवळा उजेड खरोखर धुके फाडतो का, हे आधी पाहू.

याची परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा नको. ऊस तुटून गेल्यावर शेतकरी पाचट पेटवतो, किंवा केडगावच्या बाजूला गुऱ्हाळाच्या धुराड्यातून धूर निघतो. तो विरळ झाला आणि त्याच्या मागे गर्द झाडी असली, की निळसर दिसतो. त्याच धुरातून मावळतीचा सूर्य पाहिला तर तांबूस दिसतो. याचा अर्थ असा, की धुराचे कण निळा उजेड जास्त उधळतात आणि तांबडा-पिवळा पुढे जाऊ देतात. आकाश निळे दिसते तेही अशाच कारणाने. आता धुक्याकडे पाहा. ते निळे नसते, पांढरे असते. म्हणजे धुके सगळेच रंग सारखे उधळते.

हा फरक कणांच्या आकाराचा आहे. प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. विरळ धुरातले पुष्कळ कण त्याहूनही लहान असतात. धुक्याचा थेंब मात्र काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंत, म्हणजे तरंगलांबीच्या दहापट, वीसपट किंवा आणखी मोठा. एवढ्या मोठ्या थेंबाला निळा काय आणि पिवळा काय, सारखेच. तेव्हा पिवळा उजेड धुके फाडतो, हे दुकानातले वाक्य दाट धुक्याच्या बाबतीत खरे नाही. ज्या नियमाने आकाश निळे होते तो नियम धुक्याला लावण्याची ही चूक पुष्कळ जुनी आहे.

जुनी म्हणजे किती? फ्रान्सने १९३६ साली कायदा करून मोटारींच्या पुढच्या दिव्यांना पिवळा रंग सक्तीचा केला होता. केवळ धुक्याच्या दिव्यांना नव्हे, मुख्य दिव्यांनाही. पन्नासहून अधिक वर्षे फ्रान्सच्या रस्त्यांवर रात्री सगळ्या मोटारी पिवळ्या डोळ्यांनी धावत होत्या. युरोपचे नियम एक झाले तेव्हा, म्हणजे १९९३ पासून, ही सक्ती गेली आणि नव्या गाड्यांचे मुख्य दिवे पांढरे झाले. पिवळ्यावाचून अडलेच असते, तर त्यांनी तो सुखासुखी सोडला नसता.

मग पिवळा दिवा निरुपयोगी आहे का? तसेही नाही. त्याचा उपयोग धुक्यात नसून आपल्या डोळ्यात आहे. पांढऱ्या उजेडातला निळा-जांभळा भाग डोळ्याला टोचतो. डोळ्याचे भिंग निळा रंग आणि तांबडा रंग एकाच ठिकाणी नीट जुळवू शकत नाही, आणि निळ्याने भरलेला झगझगाट त्याच तेजाच्या पिवळसर उजेडापेक्षा जास्त त्रासदायक वाटतो. मोतिबिंदूची सुरुवात झालेल्या माणसाला कोणताही झगझगाट जास्तच छळतो. धुक्यात दिव्याचा उजेड थेंबांवर आपटून मागे येतो. तो मागे येणारा उजेड निळा काढून टाकलेला असेल तर डोळा कमी शिणतो. अंतर तेवढेच दिसते, पण पहाटे तीनपासून गाडी चालवणाऱ्या माणसाला थोडा आराम मिळतो. आरामालाही किंमत आहे. फक्त ती योग्य खात्यावर मांडली पाहिजे.

यात आणखी एक बारकावा आहे. जुना हॅलोजन बल्ब मुळातच पिवळसर असतो, त्यात निळा थोडाच. त्यावर फिल्म लावून फारसा फरक पडत नाही. एलईडीचा निळसर पांढरा उजेड मात्र निळ्याने भरलेला असतो. फिल्मचा परिणाम जाणवलाच तर तिथे जाणवेल. आणि पिवळ्या गाळणीने निळा जातो म्हणजे एकूण उजेडही कमी होतो. चांगल्या, फिकट लिंबू रंगाच्या गाळणीतही दहा-पंधरा टक्के उजेड जातो. घरी दोन-तीन हात रंग मारला तर किती जाईल ते मारणाऱ्याच्या हातावर. तेव्हा डोळ्याचा आराम विकत घेताना आपण उजेड देत असतो, हा व्यवहार ध्यानात ठेवावा.

धुक्याच्या दिव्याचा खरा गुण रंगात नाही, त्याच्या जागेत आणि उजेडाच्या आकारात आहे. हा दिवा बंपरमध्ये खाली बसवलेला असतो. त्याचा उजेड रुंद आणि चपटा पडतो, वरची कड सुरीने कापल्यासारखी असते. तो रस्त्याची साइडपट्टी आणि जवळचे दहा-वीस मीटर दाखवतो. आपली नजर त्या उजेडाच्या वरून जाते, त्यामुळे मधले धुके उजळत नाही. याउलट अप्पर लावला की आपल्या नजरेसमोरचे सगळे धुके उजळते आणि पांढरा पडदा उभा राहतो. म्हणून दाट धुक्यात अप्पर लावू नये, डिपर आणि धुक्याचे दिवे ठेवावेत. तोच धुक्याचा दिवा हौसेने जीपच्या टपावर किंवा बॉनेटच्या वर बसवला, तर तो कितीही पिवळा केला तरी धुक्यात कामाचा राहत नाही आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपवतो.

एवढे समजून घेऊन ज्यांना दिवे पिवळे करायचेच आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

रंगापेक्षा फिल्म बरी, कारण ती काढता येते. आपल्याकडे धुके तीन-चार महिन्यांचे पाहुणे. कार्तिकात लावावी, होळीला काढावी. दिव्यावर लावण्यासाठी मिळते ती पारदर्शक पिवळी व्हिनाइल फिल्म घ्यावी. रंग लिंबासारखा असावा, संत्र्यासारखा नको. नारिंगी उजेड इंडिकेटरशी गल्लत करतो. दिवा थंड असताना साबणाच्या पाण्याने धुवावा, चिखल आणि तेलकटपणा पूर्ण जाऊ द्यावा, मऊ फडक्याने पुसून कोरडा करावा. फिल्म दिव्यापेक्षा दोन बोटे मोठी कापावी. दिव्यावर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर साबणाचे पातळ पाणी फवारावे, म्हणजे फिल्म सरकवून जागेवर बसवता येते. मग मधून कडांकडे रबरी पट्टीने, नाहीतर जुन्या प्लास्टिकच्या कार्डाला फडके गुंडाळून, पाणी आणि हवेचे बुडबुडे बाहेर काढावेत. गोलाईवर सुरकुती पडली तर केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा द्यावी. जास्तीची कड धारदार पात्याने, पण दिव्यावर ओरखडा न काढता, कापावी. रात्रभर गाडीला पाणी लागू देऊ नये.

काय करू नये तेही सांगितले पाहिजे. जिलेटीनचा कागद लावू नये. हॅलोजनचा पंचावन्न वॉटचा बल्ब लहानशा दिव्यात चांगलाच तापतो, कागद आक्रसतो, वितळतो आणि काचेला चिकटून बसतो. बल्बला तर कधीच रंग लावू नये. त्याची काच इतकी तापते की रंग जळतोच, बल्बही जातो. नव्या गाड्यांच्या दिव्यांची काच ही काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. त्यावर थिनर किंवा तसला उग्र द्राव लागला की बारीक चिरा पडतात आणि दिवा कायमचा आंधळा होतो. मुख्य दिवे, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर यांच्या वाटेला जाऊ नये. हात घालायचा तो फक्त धुक्याच्या दिव्याला.

काम झाले की रात्री गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर दहा मीटरवर उभी करावी. उजेडाची वरची कड भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण वीतभर खाली पडली पाहिजे. ती वर जात असेल तर दिवा खाली वळवून घ्यावा. फिल्म लावल्यावर कड अस्पष्ट, पसरट झाली असेल तर फिल्म काढून टाकावी. कड गेली की धुक्याच्या दिव्यातले धुक्याचे काहीच उरले नाही.

कायद्याचेही थोडे. पुढच्या धुक्याच्या दिव्याला पांढरा किंवा ठरावीक पिवळा, असे दोन्ही रंग आंतरराष्ट्रीय नियमांत आणि आपल्याकडच्या मानकांत मान्य आहेत. त्यामुळे पिवळा म्हणजे गुन्हा, असे नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये समोरच्याचे डोळे दिपतील असा दिवा चालत नाही, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मनाई आहे. घरी रंगवलेला दिवा कोणी तपासून मान्य केलेला नसतो. तपासणीत हरकत निघाली तर सहज काढता येणारी फिल्म तिथेही उपयोगी पडते. ज्यांना हा प्रश्नच नको त्यांनी त्याच वॉटचा, नियमाप्रमाणे शिक्का असलेला पिवळा बल्ब बसवून घ्यावा.

श्रोतेहो, इथवर आपण आपल्या दिव्याबद्दल बोललो. आता समोर काय आहे ते पाहू. शिरूर-दौंडच्या रस्त्यावर हंगामात आपल्या पुढे काय चालते? एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या बाहेर लोंबतात आणि मागचा दिवा असला तरी वाढ्यांनी झाकलेला. त्याच्या मागे बैलांची टायरगाडी. तिच्यावर बीड, पाथर्डीकडून आलेला तोडणी कामगार, शेजारी त्याची कारभारीण, कधी उसावरच झोपलेले मूल. या गाडीला दिवा नाही. तिचा वेग माणसाच्या चालण्याएवढा. धुक्यात आपण ऐंशीच्या वेगाने येतो आणि आपला पिवळा दिवा वीस-तीस मीटरवर ही गाडी दाखवतो. पुढे काय?

हिशेब साधा आहे. ताशी ऐंशी म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. काहीतरी आहे हे ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे चाळीसेक मीटर ब्रेक न लागताच संपतात. त्यापुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी चाळीस. एकूण ऐंशीच्या पुढे. पन्नास मीटर दिसत असताना हा वेग म्हणजे डोळे बांधून पळणे. तीच गाडी ताशी चाळीसने असेल तर सगळे मिळून तीस-पस्तीस मीटरमध्ये थांबते. दहिवराने ओला झालेला रस्ता, त्यावर ट्रॉलीच्या चाकांनी आणलेला चिखल, असे असेल तर अंतर आणखी वाढते. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे. कोणत्याही रंगाचा दिवा हा हिशेब बदलत नाही.

तो बदलते ती एक स्वस्त गोष्ट. आपण जिला रेडियमची पट्टी म्हणतो ती. तिच्यात खरे तर रेडियम नसते. काचेचे बारीक मणी किंवा प्लास्टिकचे लहान लहान लोलक असतात, आणि ते आलेला उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. त्यामुळे ट्रॉलीची मागची बाजू अंधारात नुसती काळी असते, पण पट्टी असली की ती कितीतरी लांबून चमकते. दाट धुक्यात तीही लांबून दिसणार नाही, पण विरळ धुक्यात आणि धुक्याच्या तोंडाशी जे काही जास्तीचे मीटर मिळतात, त्यात पाय ब्रेकवर जातो. ट्रेलरच्या मागे दोन्ही बाजूंना लाल परावर्तक हवेत, हा नियम आधीपासूनच आहे. प्रश्न नियमाचा नाही, लावण्याचा आणि पुसण्याचा आहे. चिखलाने माखलेली पट्टी आणि नसलेली पट्टी यांत फरक नाही. आणि पट्टी ट्रॉलीच्या सांगाड्याला लावली पण तिच्यावर ऊस लोंबत असेल तर तीही गेली. ती खाली, चाकांच्या वरच्या आडव्या पट्टीवर, नाहीतर बैलगाडीच्या जुवाच्या दोन्ही टोकांना आणि मागच्या आडव्या लाकडाला हवी. मागून येणाऱ्यासाठी मागे आणि समोरून येणाऱ्यासाठी पुढे.

दौंड हे रेल्वेचे गाव. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासूनची ही ओळख. रेल्वेच्या माणसांना धुक्याचा जुना उपाय माहीत असतो. सिग्नलच्या आधी रुळावर फटाका बांधून ठेवायचा. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की आवाज होतो आणि चालकाला कळते, पुढे सिग्नल आहे, वेग आवर. रेल्वेने दिव्याचा रंग बदलून धुके फाडायचा नाद केला नाही. धुक्यात दिसत नाही हे मान्य केले, वेग कमी केला आणि न दिसणारी वस्तू आहे हे दुसऱ्या रीतीने कळवायची सोय केली. रस्त्यावर आपल्याला फटाके लावता येत नाहीत, पण बाकीचे दोन धडे घेता येतात.

तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला दिवे पिवळे करायला बसाल, तर जरूर बसा. काच आतून-बाहेरून पुसा, वायपरचे रबर बदला. धुक्यात चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, कारण मग वळताना वळणाची खूण करता येत नाही. मागचा लाल धुके-दिवा असेल तर धुक्यात लावा, धुके संपल्यावर आठवणीने बंद करा. आणि फिल्म आणायला दुकानात जाल तेव्हा लाल रेडियमची एक गुंडाळीही घ्या. आपल्या वस्तीवर मुक्कामाला असलेल्या टोळीच्या गाड्यांना संध्याकाळी आपल्या हाताने त्या पट्ट्या लावून द्या. एका गाडीला पाच मिनिटे पुरतात. फिल्मने एका चालकाच्या डोळ्याला आराम मिळेल. या पट्टीने मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला, मग तिचा दिवा पांढरा असो की पिवळा, पुढे माणसे आहेत हे कळेल.